दोनशे वॉटच्या नावाखाली दहा वॉट

मागील वर्षी एप्रिलमध्ये, घरातला पंचवीस वर्षांचा ॲम्प्लिफायर निकामी झाल्यावर, मी नागपुरातील सीताबर्डीवरील एका दुकानातून ३८,५०० रुपयांना नवा घेतला. दुकानदार ‘ऑर्डरप्रमाणे’ हाय-फाय यंत्रे जुळवून देत असे. प्रत्येक चॅनेलला २०० वॉट, तेही आरएमएस (म्हणजे सलग देता येणारी ताकद), असे त्याने तोंडी सांगितले आणि मी आग्रह धरल्यावर व्हॉट्सॲपवर लिहूनही दिले. प्रत्यक्षात त्या पेटीतून दहा-अकरा वॉटांपेक्षा जास्त काही निघत नव्हते. हे कळेपर्यंत पाच महिने गेले, आणखी ८,४०० रुपये खर्च झाले आणि माझ्या जुन्या स्पीकरांचे दोन्ही ट्वीटर (उंच स्वर वाजवणारे लहान स्पीकर) जळाले. तीस वर्षे बँकेत लोकांचे हिशेब तपासलेल्या माणसाने असे फसावे, याची लाज वाटते; तरीही लिहितो आहे, कारण ज्या युक्तीने मला फसवले ती फार साधी आहे आणि दुकानात उभे असताना ती कोणालाही खरीच वाटेल.

युक्ती नॉबची होती. दुकानाची खोली जेमतेम दहा बाय बाराची, समोर मोठे स्पीकर, आणि त्यांवर एक संथ गझल लावलेली. दुकानदाराने आवाजाचा नॉब पावभाग फिरवला आणि खोली भरून गेली. “काका, अजून पावही फिरवला नाही. बाकीची सगळी ताकद आत शिल्लकच आहे,” असे तो म्हणाला. मला ते पटले. नळ थोडा उघडल्यावर एवढे पाणी येते, तर पूर्ण उघडल्यावर किती येईल, असाच विचार आपण करतो. पण ॲम्प्लिफायरचा नॉब हा ताकदीचा नळ नसतो. आत येणारा संकेत किती पुढे जाऊ द्यायचा, एवढेच तो ठरवतो. आतील मंडल (सर्किट) संकेत किती पट मोठा करते ते प्रमाण मुद्दाम जास्त ठेवले, तर पाव फेऱ्यातच यंत्र आपल्या शेवटच्या टोकाला पोचते आणि उरलेला पाऊण फेरा निव्वळ शोभेचा राहतो. बसल्या जागी साधारण आवाजात संथ गाणे ऐकायला एक-दोन वॉटही पुष्कळ होतात, त्यामुळे दुकानात दहा वॉटांचे आणि दोनशे वॉटांचे यंत्र सारखेच वाजते. शिवाय पेटीच्या वर काचेचे दोन व्हॉल्व्ह नारिंगी उजेडात चमकत होते. “व्हॉल्व्हमुळे आवाज गोड येतो,” हे वाक्य मी आधी कितीतरी जणांकडून ऐकले होते, त्यामुळे तेथे मला शंका घेण्याचे कारण दिसले नाही.

घरी पहिले आठ दिवस छान गेले, कारण दुपारी सगळे झोपलेले असताना मी हळू आवाजातच ऐकत होतो. नंतर एका रविवारी आवाज चढवून वसंतराव देशपांडे यांचे गायन लावले. नागपुरात वाढलेल्या या गवयाची तान ऐन भरात असताना तिला पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी धार आली. तबल्याची प्रत्येक ‘ना’ कानाला चटका लावून जाऊ लागली आणि तानपुरा तर कुठेच वेगळा ऐकू येईना. आपल्याकडे याला ‘आवाज फाटणे’ म्हणतात आणि शब्द अगदी नेमका आहे. विलंबित सुरू असताना सारे ठीक असे. द्रुत लागले, गळा तार सप्तकात गेला की फाटे. आवाज खाली आणला की पुन्हा सगळे सुरळीत होई. म्हणूनच रोग ओळखायला वेळ लागला: बिघडलेले यंत्र सतत बिघडलेले वाजेल, अशी माझी समजूत होती.

दुकानदाराकडे प्रत्येक तक्रारीला उत्तर तयार असे आणि बहुतेक उत्तरांना किंमत असे. प्रथम तो म्हणाला की नवे यंत्र शंभर तास वाजल्याशिवाय ‘खुलत’ नाही. ते फुकट होते, म्हणून मी शंभर तास वाजवले. मग तारा हलक्या आहेत असे सांगून त्याने २,८०० रुपयांच्या जाड तारा दिल्या. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला तेव्हा दोष आमच्या डेझर्ट कूलरवर गेला: कूलरची मोटर लाइन खराब करते, म्हणून ३,२०० रुपयांचा स्टॅबिलायझर आला. जूनमध्ये दोन्ही ट्वीटर एकापाठोपाठ एक गप्प झाले, तर “स्पीकर जुने आहेत, एवढी ताकद त्यांना झेपली नाही,” असे सांगून त्याने २,४०० रुपयांचे नवे ट्वीटर बसवून दिले. हे सांगताना त्याच्या स्वरात माझ्या यंत्राविषयी इतका अभिमान होता की मी त्याचे आभार मानून घरी आलो.

नवे ट्वीटरही कर्कशच वाजत होते. सप्टेंबरात एका स्नेह्यांनी मला नागपूरच्या महाल भागातील एका वयस्क कारागिरांकडे नेले. यांनी उमेदीची वर्षे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीत घालवली आहेत आणि आता निवडक कामच घेतात. मी तक्रार सांगू लागलो तेव्हा त्यांनी हाताने थांबवले, पेटी उचलून माझ्याच हातात दिली आणि म्हणाले, “उचलून पाहा ना भाऊ. दोनशे-दोनशे वॉटचं ओझं वाटते का हे?” पेटी एका हातात सहज राहत होती.

त्यांनी मागील फ्यूज काढून दाखवला. त्यावर अर्धा ॲम्पिअर लिहिले होते. २३० व्होल्टला अर्धा ॲम्पिअर म्हणजे ११५ वॉट. भिंतीतून एवढेच घेण्याची ज्याची तयारी, ते यंत्र स्पीकरांना सलग ४०० वॉट कुठून देणार? या जातीच्या, म्हणजे क्लास एबी, मंडलाची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. ४०० वॉट बाहेर काढायचे तर आत ५०० हून अधिक, म्हणजे सव्वादोन ॲम्पिअरच्या आसपास, जायला हवेत. हा हिशेब मी दुकानात उभ्या उभ्या करू शकलो असतो, आणि फ्यूजचा आकडा तर पेटीच्या पाठीवर छापलेलाच होता.

मग त्यांनी स्पीकरांऐवजी आठ ओहमचा जाड रोधक (रेझिस्टर) जोडला, १,००० हर्ट्झचा शुद्ध स्वर आत सोडला आणि विजेची लाट दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा पडदा माझ्याकडे वळवला. हिरवी लाट गोल, गुळगुळीत वरखाली होत होती. त्यांनी नॉब हळूहळू फिरवला. लाट उंच होत गेली आणि १३ व्होल्टांवर तिचा माथा एकदम सपाट झाला, जणू गुळाच्या ढेपेचा वरचा भाग सुरीने छाटला. खालचा भागही तसाच. नॉब तेव्हा पावभागही फिरलेला नव्हता. पुढे फिरवला तर लाट उंच होईना, फक्त सपाट भाग रुंद होत जाई. “हे तुमचं फाटणं,” ते म्हणाले.

पेटीत १२-०-१२ व्होल्टचा लहानसा ट्रान्सफॉर्मर होता. त्याची वीज एकदिश (डीसी) केल्यावर वर आणि खाली सोळा-सतरा व्होल्ट मिळतात. भार पडला की ते आणखी उतरतात आणि काही ट्रान्झिस्टरांतच खर्च होतात. उरलेल्या १३ व्होल्टांचा वर्ग करून त्याला आठ ओहमच्या दुपटीने भागले की साडेदहा वॉट येतात. आठ ओहमच्या स्पीकरला २०० वॉट द्यायचे तर लाटेचा माथा सुमारे ५७ व्होल्टांपर्यंत जावा लागतो. तेवढी उंची या ट्रान्सफॉर्मरपाशी मुळातच नव्हती. जाड तारा, स्टॅबिलायझर किंवा शंभर तास, कशानेही ती येणार नव्हती.

माथा छाटल्यावर कानाला टोचते ते का, हे मला त्या दिवशी प्रथम नीट समजले. छाटलेली लाट हा नुसता दबलेला स्वर नसतो. त्यात मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे नवे स्वर जन्माला येतात. १,००० हर्ट्झच्या स्वरासोबत ३,०००, ५,००० आणि ७,००० हर्ट्झ वाजू लागतात, आणि माणसाचा कान तीन-चार हजारांच्या पट्ट्यातच सर्वांत तीक्ष्ण असतो. दोन स्वर एकदम वाजत असतील तर प्रकार अधिक वाईट. संगीताच्या पुस्तकांत षड्ज २४० कंपनांचा धरतात; त्याच्या १६/१५ पट कोमल ऋषभ घेतला तर तो २५६ चा येतो. हे दोन्ही एकत्र छाटले गेले की २२४ आणि २७२ चे स्वरही उमटतात, जे गवयाने लावलेलेच नसतात. तानपुरा, हार्मोनियम, गळा आणि तबला यांच्या अशा जोड्या किती होत असतील ते मोजूच नये. त्यातून लहान ट्रान्सफॉर्मर दमला की त्याचा विजेचा दाब (व्होल्ट) १०० हर्ट्झच्या लयीत हलतो आणि छाटणीची रेषाही त्याबरोबर हलते. माझ्या तानपुऱ्याच्या जागी ऐकू येणारी गुरगुर ती हीच.

‘मी एवढे मोठ्याने तर ऐकत नाही’ हा माझा बचाव त्यांनी मान्य केला आणि लगेच मोडूनही काढला. गाण्याची सरासरी पातळी आणि तबल्याच्या थापेचे टोक यांत दहा ते वीस डेसिबलचे अंतर सहज असते. दहा डेसिबल म्हणजे ताकदीत दहापट, वीस म्हणजे शंभरपट. सरासरी एक वॉटवर ऐकणाऱ्याला थाप सुरक्षित वाजण्यासाठी क्षणभर दहा ते शंभर वॉट हवे असतात. आमच्या घरात विलंबित तरून जाई आणि द्रुत फाटे, ते या हिशेबामुळे.

अचानक फाटण्याचेही कारण आहे. ट्रान्झिस्टरी ॲम्प्लिफायरमध्ये बाहेर पडणारा संकेत आत येणाऱ्याशी सतत ताडून चूक दुरुस्त करण्याची सोय असते, तिला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. व्होल्ट शिल्लक आहेत तोवर ही सोय आवाज अत्यंत स्वच्छ ठेवते. व्होल्ट संपले की तीच सोय चूक सुधारण्यासाठी आणखी जोर लावते आणि छाटणीचे कोपरे उलट अधिक टोकदार होतात. जुन्या पद्धतीचे व्हॉल्व्ह यंत्र मर्यादेजवळ हळूहळू वाकते, म्हणून ते तितके टोचत नाही. माझ्या पेटीवरचे दोन व्हॉल्व्ह मात्र कशालाच जोडलेले नव्हते. कारागिरांनी एक उपसून काढला, तरी उजेड जागेवरच राहिला आणि गाणेही चालूच राहिले: सॉकेटखाली नारिंगी एलईडी बसवलेला होता. मी हसलो. त्या प्रसंगात दुसरे काही सुचलेही नाही.

ट्वीटर जळाले ते जादा ताकदीने नव्हे, तर कमी ताकदीच्या यंत्राला जबरदस्तीने ताणल्यामुळे. गाण्यात उंच स्वरांचा वाटा थोडा असतो, म्हणून ट्वीटरची बारीक कॉइल थोड्याच वॉटांच्या बेताने केलेली असते. छाटणीतून निघालेले सगळे फुकटचे उंच स्वर तिच्याच वाट्याला जातात. स्पीकर जुने असल्याचे जे कारण मला पैसे घेऊन सांगितले, ते असे सरळ उलटे होते.

वजनाची परीक्षा मात्र सर्वत्र लावू नये. आजची क्लास डी यंत्रे स्विचिंग पुरवठ्यावर चालतात आणि हलकी असूनही खरोखर ताकदवान असू शकतात. त्यांच्या बाबतीतही वॉटचा आकडा किती ओहमवर, आवाजाच्या किती टक्के विकृतीला (डिस्टॉर्शनला) आणि दोन्ही चॅनेल एकदम चालवून मोजला, हे लेखी मागावे. ‘पीएमपीओ’ (म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचा जाहिरातीतला दावा) असा आकडा दिसला तर तो विचारातच घेऊ नये, त्याला मोजमापाचा कोणताही पक्का आधार नाही. आणि दुकानात आपल्या ओळखीची, द्रुत लयीची, भरपूर तबल्याची चीज न्यावी, नॉबकडे न पाहता ती आपल्या घरच्या पातळीला वाजवून घ्यावी. हळू आवाजातही खरखर येत असेल तर तो वेगळा दोष आहे. मी लिहितो आहे तो फक्त चढवल्यावर उघडा पडतो.

पैशांचे सांगायचे तर माझ्याकडे पक्के बिल नव्हते. जीएसटी वाचेल, असे तो म्हणाला आणि मी कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानले. यातला लोभ माझाच होता. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी आधी नोंद केली, नंतर यूपीआयच्या नोंदी, ‘२०० वॉट आरएमएस’ हा त्याचाच व्हॉट्सॲप संदेश आणि पडद्यावरील छाटलेल्या लाटेचे छायाचित्र जोडून रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. बाराव्या दिवशी त्याचा फोन आला. “काका, घरची गोष्ट घरात मिटवू,” असे म्हणत त्याने २२,००० रुपये देऊ केले. आयोगापर्यंत जायला हवे होते असे माझ्या मुलाचे मत आहे आणि ते बरोबर असावे. पण पत्नीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन तोंडावर होते, मी ते पैसे घेतले.

महालातील कारागिरांनी त्याच पेटीत मोठा ट्रान्सफॉर्मर आणि नवे मंडल बसवून दिले. मी किती वॉट झाले ते विचारले, तेव्हा त्यांनी रोधक जोडून मोजले आणि चिठ्ठीवर लिहिले: आठ ओहमला ४२, दोन्ही बाजू चालू. फ्यूजही बदलला. व्हॉल्व्हच्या जागी वर दोन गोल भोके राहिली आहेत. हवा खेळते म्हणून त्यांनी ती बुजवली नाहीत.