हेड क्रॅक गेलंय: वेल्डिंग करायचं, जुनं बसवायचं की नवं घ्यायचं?

आमची मारुती ८०० साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर तापली. रेडिएटरचा वरचा होज फाटला होता आणि काटा लालमध्ये गेला होता. मागे ट्रकची रांग, कडेला जागा नाही, म्हणून मी गाडी तशीच माथ्यापर्यंत रेटली आणि वर पोचल्यावर गार पाणी ओतलं. या दोन चुकांनी हेड, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांवरचं झाकण, गेलं. पुढचे तीन आठवडे मी पुण्यात नाना पेठ, मंगळवार पेठेतला जुना बाजार आणि भोसरी एमआयडीसी अशा चकरा मारल्या. ज्यांची गाडी आज गॅरेजात हेड उतरवून उभी आहे आणि ज्यांना आता एक उत्तर द्यायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी हेड खरंच क्रॅक आहे का, ते पक्कं करा. सायलेन्सरमधून पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल ही सगळी लक्षणं नुसती गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पातळ सील) उडाली तरी दिसतात. फिटरने नुसतं बघून "हेड गेलं" म्हटलं तर मान डोलवू नका. प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि जमलं तर स्वतः समोर उभे राहा. मी राहिलो होतो. हेडमधल्या पाण्याच्या वाटा रबर आणि लोखंडी पट्ट्या आवळून बंद केल्या, हवेची नळी जोडली आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत सोडलं. पाणी गरमच लागतं, कारण थंड हेडमध्ये चीर मिटलेली असते. बराच वेळ काही झालं नाही. मग मधल्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्ह सीटांच्या (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतात त्या कड्यांच्या) मधून मोहरीएवढे बुडबुडे सुटायला लागले, एकामागून एक, एकाच जागेवरून. हेड बाहेर काढून पुसल्यावर त्याच जागी नख फिरवलं, तर नखाला काहीही लागलं नाही.

तडा बहुतेक वेळा तिथेच जातो. इनटेक आणि एक्झॉस्ट सीटमधली ती पट्टी अरुंद असते, आणि सगळ्यात जास्त तीच तापते. ॲल्युमिनियम बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पण हेड बोल्टांनी बिडाच्या ब्लॉकला जखडलेलं असतं, पसरायला जागा नसते. गरम असताना धातू दबतो आणि निवताना ताणला जाऊन चिरतो. वरून गार पाणी ओतलं की हे निवणं क्षणात होतं.

आता पर्याय. त्याआधी एक हिशेब मनाशी ठेवा, कारण माझा निर्णय शेवटी त्यावरच ठरला. हेड उतरवणं, साफ करणं, फेस मारणं (तळ मशीनवर घासून सपाट करणं), नवी गॅस्केट, ऑइल, कुलंट, परत बसवणं हा खर्च कुठलाही पर्याय घेतला तरी तेवढाच येतो. स्वस्त पर्यायात पैसे वाचतात ते फक्त हेडच्या तुकड्यापुरते. तो तुकडा सहा महिन्यांनी पुन्हा गळला, तर मजुरी आणि गॅस्केट दुसऱ्यांदा भरावी लागते, गाडी पुन्हा आठवडाभर उभी राहते ती वेगळीच.

वेल्डिंग सगळ्यात स्वस्त सांगितलं जातं. ॲल्युमिनियमचं हेड आर्गन वायूच्या वेल्डिंगवर करतात. चीर पूर्ण खणून काढायची, हेड सावकाश तापवायचं, भरायचं, सावकाशच निववायचं, मग सीट नव्याने बसवायची आणि फेस मारायचा. हे नीट करणारे कारागीर पुण्यात आहेत, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण वेल्डच्या आसपासचं ॲल्युमिनियम मऊ पडतं, आणि सीट धरून ठेवायचं काम नेमकं त्याच भागाला करायचं असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तडा बाहेरच्या अंगाला, पाण्याच्या वाटेवर किंवा कडेला असेल तर वेल्डिंग करा, बिनधास्त करा. सीटांच्या मधे किंवा स्पार्क प्लगच्या आट्यांपाशी असेल तर तेव्हाच करा, जेव्हा दुसरं हेड मिळतच नाही. पद्मिनी हौसेने सांभाळणाऱ्याला कधी कधी हाच रस्ता उरतो. जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरचं हेड बिडाचं, त्याची गोष्ट निराळी. बीड वेल्डिंगने शेजारीच पुन्हा चिरतं, तिथे पिना ठोकून टाके घालण्याची पद्धत जास्त भरवशाची. काही डिझेल इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये तर सीटांमधली केसाएवढी चीर, पाण्यापर्यंत जात नसेल तर, चालवून घेतलेली आहे. तेव्हा डिझेलवाल्यांनी मॅन्युअल बघितल्याशिवाय हेड टाकून देऊ नये.

जुनं हेड. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात, नाहीतर गाड्या तोडणाऱ्यांकडे. इथे मी दोन हेडं नाकारली आणि ती का नाकारली हे सांगणं जास्त उपयोगाचं. पहिल्याच्या पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या होत्या, पांढरी भुकटी बोटाला लागत होती. कुणीतरी वर्षानुवर्षं कुलंटऐवजी नळाचं पाणी घातलं होतं. तिथे नवी गॅस्केटही धरत नाही. दुसरं दिसायला छान होतं, पण कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) सरकवून हाताने फिरवली तर एका जागी अडत होती. या इंजिनात कॅम थेट हेडच्या ॲल्युमिनियममध्ये फिरते, बदलायला वेगळी बेअरिंगं नाहीत. तापून वाकलेल्या हेडचा खालून फेस मारून तळ सपाट होतो, वरची कॅमची ओळ वाकडीच राहते. हे दुकानदार सांगणार नाही, ते आपणच फिरवून बघायचं. सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) बरोबर न्या. सुझुकीच्या या इंजिनांना ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही. जो हेड आधी दोन-तीनदा घासून पातळ झालाय तो घेऊ नका, कॉम्प्रेशन वाढतं आणि टायमिंगही हलतं.

आणि पैसे देण्याआधी बोलून घ्या: "टेस्टला नेतो, गळलं तर परत." हो म्हणणारा मिळेपर्यंत पुढच्या दुकानात जा.

अजून एक. ८०० मध्ये ६ व्हॉल्व्हचं आणि १२ व्हॉल्व्हचं अशी दोन्ही इंजिनं येऊन गेली. एकाचं हेड दुसऱ्याला बसत नाही. नुसतं "८०० चं हेड द्या" म्हणू नका, आपलं हेड किंवा निदान जुनी गॅस्केट हातात घेऊन जा आणि भोकावर भोक ठेवून जुळवा.

नवं हेड महाग, पण मी तेच घेतलं. ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली तरी ओम्नी तशाच इंजिनावर २०१९ पर्यंत निघत होती, त्यामुळे भाग मिळण्याची आशा बऱ्याच जुन्या गाड्यांपेक्षा जास्त. विचारताना व्हॉल्व्हसकट की नुसतं हेड, ते आधी विचारा. नुसतं असेल तर जुने व्हॉल्व्ह लॅपिंग करून (सीटवर घासून जुळवून) बसवायचे, आणि त्यांच्या दांड्या झिजलेल्या असतील तर बदलायचे, हा खर्च धरूनच तुलना करा. पार्ट नंबर जुळवा, पक्की पावती घ्या. खोकं ओरिजिनलसारखं आणि आत लोकल कास्टिंग, असंही हाती येऊ शकतं. म्हणून नव्या हेडचीही टेस्ट मी करून घेतली. फिटरमामांना ते आवडलं नाही, पण मला शांत झोप लागली.

संपूर्ण इंजिन बदलायचा सल्लाही मिळेल. पिस्टन-रिंगा गेल्या असतील, ऑइल जळत असेल तर त्यात अर्थ आहे. पण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, तो बदलला की संगम पुलाजवळच्या आरटीओत आरसीवर नोंद करणं आलं, आणि त्यासाठी भंगारातल्या इंजिनाचा कागद हवा. हेड बदलण्यात ही भानगड नाही. गाडी मोडीत काढण्याचा विचार असेल तर १५ वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीचं शुल्क (एप्रिल २०२२ मध्ये ते ५००० रुपये झालं होतं, आताचं विचारून घ्या) आणि पत्र्याचा गंज दोन्ही बघा. फ्लोअर सडलेल्या गाडीत नवं हेड घालू नये.

माझं उत्तर घाट चढणाऱ्या गाडीचं आहे. गाडी फक्त मंडईपर्यंत आणि नातवाच्या शाळेपर्यंत जाणार असेल तर टेस्ट केलेलं जुनं हेड पुरेसं आहे, मी तेच सांगेन.

काहीही बसवलं तरी टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सगळे होज आणि थर्मोस्टॅट त्याच वेळी करा. "थर्मोस्टॅट काढूनच टाकू, गाडी थंड राहील" म्हणणारे भेटतील. ऐकू नका. इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं. बोल्ट टॉर्क रेंचनेच, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळलेले बघा. मग पंधरा दिवस रोज सकाळी थंड इंजिनावर कुलंटची पातळी बघा आणि डिपस्टिक पुसून ऑइलचा रंग बघा. माझ्या रिझर्व्हॉयरवर मार्करने मारलेली रेघ अजून आहे. पातळी सोळाव्या दिवशीही तिथेच होती, तेव्हा जुन्या कात्रज घाटाने गाडी वर नेली.