सातपुडा पायथ्याची ऑफ-रोड सहल: गाड्या चोख, वाटेची दैना

जळगावहून सकाळी निघून यावल-रावेर बाजूच्या डोंगरपायथ्याला नेणारी ही एक दिवसाची जीप सहल. चार थार आणि प्रत्येकीत चालक धरून चौघं. आधी चांगलं ते सांगू. गाड्यांची निगा उत्तम आहे, स्टेपनी आणि कंप्रेसर सोबत असतात. डांबरी सुटली की हवा ३२ वरून २२ पीएसआयवर आणतात, परत रस्त्याला लागण्याआधी भरतात. हवा कमी केली की टायर दगडावर पसरून बसतो, चाक जागच्या जागी कमी फिरतं आणि जमीनही कमी उकरली जाते. लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारे गिअर) टाकताना गाडी थांबवून न्यूट्रलला आणायची, हेही चालक नीट दाखवतात. दुपारचं भरीत आणि कळण्याची भाकरी झकास.

बिघडतं ते जेवणानंतर.

बैलगाडीच्या जुन्या वाटेवर डबकं लागलं की गाड्या बाजूच्या गवतातून काढतात. पहिलीनं डावीकडून काढली, दुसरीनं त्याच्याही डावीकडून. दोन चाकोऱ्यांची वाट एका हंगामात वीस फुटांची होते ती अशी. डबक्याचा तळ मुरमाचा असेल तर मधूनच जायला हवं. काळी माती असेल तर जायचंच नाही. ओळखायला सोपं आहे: मूठभर माती तळव्यावर वळा. सुतळीएवढी वळी न तुटता झाली, तर गाडी मागे फिरवा. त्या चिकणमातीत टायरची नक्षी चार फेऱ्यांत भरून जाते, मग चाक नुसतं जागेवर गरगरतं.

उतारावर गाड्या सलग समतल चरांवरून (पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीत खणलेल्या चरांवरून) चढवतात, हे सगळ्यात वाईट. चराचा भराव एका जागी चाकाखाली दबला की पावसात अख्ख्या चराचं पाणी तिथंच फुटतं. खालचा चर तो लोंढा पेलत नाही, तोही फुटतो, आणि ओघळ थेट खालच्या शेतात उतरते. भराव दबलेला दिसतो चार बोटं. नुकसान दिसायला मृग यावा लागतो.

रीलसाठी नाल्याच्या पात्रातून लांबवर गाडी पळवणं हाही सहलीचा भाग आहे. भूजलवाले ज्याला बझाडा म्हणतात तो भरड गोट्या-वाळूचा पट्टा हाच. डोंगराचं पाणी इथं मुरतं आणि त्यावर खालच्या केळीच्या विहिरी-बोअर चालतात. चाकांनी गाळ ढवळला की तो गोट्यांच्या फटींत बसतो आणि मुरण्याची जागा बुजते. नाला ओलांडायचाच असेल तर बैलगाड्या जिथून उतरतात तिथूनच, काटकोनात, एकामागून एक, लो रेंजच्या दुसऱ्या गिअरला, मध्ये न थांबता.

अडकलेली गाडी काढताना विंचची (गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राची) उघडी तार अंजनाच्या खोडाला गुंडाळतात. तार सालीत रुतून गोल वळ उठतो, कडेनं साल सुटून आतला ओला पांढुरका भाग दिसतो. झाडाचं अन्न सालीतूनच खाली उतरतं. पूर्ण वेढा कापला गेला तर झाड वाळतं. ते टाळायला खोडाभोवती निदान तीन इंच रुंद पट्टा लागतो. किंमत फार नाही, पण एकाही गाडीत नव्हता.

उन्हाळ्यात वाळल्या गवतावर गाडी उभी करतात, तेही थांबायला हवं. बीएस-६ डिझेल गाडी साठलेला कार्बन जाळते तेव्हा एक्झॉस्ट फिल्टर सहाशे अंशांच्या घरात तापतो, आणि फिल्टर-पाइपाखालचा सागाचा पाचोळा पेटायला तेवढं पुष्कळ झालं.

परवान्याचं विचारलं तर ‘आपली ओळख आहे’ एवढंच उत्तर मिळतं. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. यावल अभयारण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ ची परवानगी लागते. ओळखीवर जाळरेषेतून (वणवा अडवायला साफ केलेल्या पट्ट्यातून) गाड्या घुसल्या की एक दिवस गाड्या अडवायला तिथं चर खणला जातो. थारवाले दुसरी वाट शोधतात. मोहफुलं आणायला जाणाऱ्या पावरा-तडवी कुटुंबाची बैलगाडी मात्र तिथंच अडते.

गाड्या आणि जेवणाला पाचपैकी चार, वाटेला शून्य. बुकिंग करायचंच असेल तर पैसे भरण्याआधी परवान्याची प्रत आणि नकाशावर आखलेली वाट मागा, आणि नाल्यातली फेरी वगळायला सांगा.