काट्यावर की उक्ते? हिवाळ्यात पोसलेल्या बोकडांच्या विक्रीचा हिशेब

दिवाळी सरली की बोकड घेणाऱ्यांची लगबग सुरू होते. बांधावर शेवरी पालवलेली असते, लसूणघास जोमात असतो, लवकरच तुरीचं भुसकट येणार असतं. शंभर दिवस दहा बोकड पोसून विकावेत असं कुणालाही वाटतं. मग लगेच विचारलं जातं, खुराक, म्हणजे चाऱ्यावरचा भरडा-पेंडीचा दाणा, कोणता द्यायचा? मला तो दुसरा प्रश्न वाटतो. आधी हे ठरवा की फेब्रुवारीत जिवंत वजनावर काट्यावर द्यायचे, की बकरी ईदपर्यंत धरून नगावर, उक्ते विकायचे. बोकड कोणता निवडायचा हे त्यावरच ठरतं, आणि तिथं चुकलं की पुढचा सगळा खुराक चुकीच्या जनावराच्या पोटात जातो.

ईद चांद्र वर्षावर चालते, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. २०२४ साली ती १७ जूनला होती, २०२५ साली ७ जूनला. आता ती मे महिन्यात शिरते आहे, पुढं एप्रिलही गाठेल. पूर्वी हिवाळ्यात घेतलेला बोकड ईदला काढायचा तर अख्खा उन्हाळा अंगावर घ्यावा लागे. ते अंतर वर्षागणिक कमी होतंय, म्हणूनच हा प्रश्न आता खरा झालाय.

पण ईदला वय लागतं. कुर्बानीचा बकरा वर्षाचा पुरा असावा लागतो, आणि गिऱ्हाईक जन्मतारीख विचारत नाही, जबडा उघडतं. दुधाचे बारीक दात पडून मधली रुंद जोडी साधारण सव्वा वर्षाच्या आसपास येते. म्हणजे मेमधल्या ईदसाठी नोव्हेंबरात निदान आठ-नऊ महिन्यांचा बोकड घ्यावा लागतो. पाच महिन्यांचा घेतलात तर मेपर्यंत तो अकरा महिन्यांचा होतो; दिसायला कितीही तगडा असो, उपयोग नाही. शिवाय लंगडा, कानाचा मोठा तुकडा गेलेला, आजारी असा माल ईदला चालत नाही.

काट्याचं सगळं उलट. तिथं चार-पाच महिन्यांचं, पंधरा-अठरा किलोचं करडू सरस, कारण वाढतं जनावर खुराकाचं वजन करतं. कान फाटलाय, शिंग वाकडंय, रंग बरा नाही, याची खाटकाला फिकीर नसते. असा माल बाजारात स्वस्त मिळतो. मी तर मुद्दाम तोच शोधतो. मात्र एक पथ्य पाळा: काट्यावर विकायचं असेल तर खरेदीही तोलूनच करा. लोणंद-चाकणच्या बाजारात बरीच खरेदी नजरेनं होते आणि तिथं दलालाची नजर आपल्यापेक्षा पक्की असते. काटा नसेल तर टेप खिशात ठेवा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं. घेर २७, लांबी २६ असेल तर उत्तर येतं साधारण २८ किलो ७०० ग्रॅम. किलो-दीड किलो इकडंतिकडं होतं, पण बोलीला आधार मिळतो.

आता आकडे. समजा १८ किलोचा बोकड घेतला आणि तो दिवसाला ८० ग्रॅमनं वाढला. उस्मानाबादीसारख्या जातीच्या जनावरानं नीट खुराकावर एवढं द्यायला हरकत नाही. शंभर दिवसांत आठ किलो. काट्याचा दर समजा किलोला ४०० धरला तर ३,२०० रुपये वाढले. रोज पाव किलो खुराक म्हणजे २५ किलो, ३२ रुपयांनी ८०० रुपये. जंतनाशक, लस, थोडा विकतचा चारा वजा जाऊनही हातात काही राहतं. त्यालाच आणखी नव्वद दिवस, मेअखेरपर्यंत धरलं तर? ऊन वाढतं, हिरवा चारा संपतो, वाढ निम्म्यावर येते. साधारण साडेतीन किलोचे १,४०० येतील आणि खुराक, मुरघास (मुरवलेला हिरवा चारा), कडबा मिळून तेवढेच जातील. थोडक्यात, थांबण्याचे पैसे वजनातून निघत नाहीत. निघाले तर रूपातून निघतात: उंची, तुकतुकीत कातडी, लांब कान, कपाळावरचा चांद. हे ज्याच्याकडं नाही त्याला धरून ठेवणं म्हणजे नुसता चारा घालणं.

खुराकातही फरक आहे. काट्यासाठी मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा यांचं प्रमाण शेवटच्या महिन्यात वाढवता येतं, पण मूठमुठीनं, दहा-बारा दिवस घेऊन. एकदम वाढवलं की पोट फुगतं, आणि आंत्रविषाराची (जादा दाण्यानं आतड्यात विष तयार होतं, त्या रोगाची) लस टोचलेली नसेल तर कळपातला सगळ्यात गुबगुबीत बोकडच सकाळी आडवा दिसतो. ईदच्या बोकडाला मात्र सहा महिने असा भरडा चालवू नका. माझा एक खच्ची केलेला, काळाभोर, ईदसाठी राखलेला बोकड एका सकाळी पाय ताणून उभा होता. शेपटी सारखी हलत होती, कुंथत होता आणि खाली चार थेंब. मला वाटलं बद्धकोष्ठ. निघाला मुतखडा. धान्य-कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. त्यात थंडीत जनावर पाणी कमी पितं. तेव्हापासून थंडीत कोमट पाणी, मीठ, खनिज मिश्रण आणि भरपूर पाला, यात मी खंड पाडत नाही.

विक्रीच्या दिवशीचे धोकेही वेगळे. काट्यावर घेणारा सांगतो, रात्रीपासून उपाशी ठेवा, पाणी पाजू नका. रिकाम्या पोटी २५ किलोच्या बोकडात किलो-सव्वा किलोची घट सहज येते. ती कुणाच्या अंगावर, हे दर ठरवतानाच बोला. उक्त्या विक्रीत घट नाही, पण दिवस एकच. मुंबईला देवनारच्या बाजारात गाडी भरून नेलेला माल उरला तर ईदनंतर त्याच बोकडाला पुन्हा काट्याचाच भाव, वर गाडीभाडं. जमत असेल तर ईदचा बोकड आठ-पंधरा दिवस आधी दारातच बयाणा घेऊन द्यावा, भाव थोडा कमी पडला तरी.

पहिल्यांदाच करणाऱ्यानं दहातले सात-आठ काट्यासाठीच घ्यावेत. उरलेले दोन-तीन वयानं मोठे, देखणे, अंगानं निर्दोष बघावेत. फेब्रुवारीत काटेवाला आला की तो बोट नेमकं त्यांच्यावरच ठेवतो. तेव्हा जबडा उघडून बघा: मधले दुधाचे दात हलायला लागले असतील तर काटेवाल्याला तेवढे सोडून बाकीचे मोजायला सांगा.