किसुमूमध्ये मुलांबरोबर तेरा दिवस: सेवायात्रेला जाण्याआधी हे वाचा

नागपुरातल्या सदरमधल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी सव्वीस वर्षं संडे स्कूल (मुलांचा रविवारचा बायबल वर्ग) घेते. गेल्या ऑगस्टमध्ये एका ख्रिस्ती संस्थेबरोबर केनियातल्या किसुमूला मुलांमध्ये सेवा करायला जाऊन आले. माझी एक मोठी तक्रार आहे आणि ती मी त्यांना थेट कळवली आहे, म्हणून संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. पण उपासनेनंतर दोन-तीन भगिनींनी विचारलं, जावं का? त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

आधी पैशाचं. 1,68,000 रुपये लागले. त्यात नागपूर-मुंबई, मुंबईहून थेट नैरोबी, पुढे किसुमू, राहणं, जेवण आणि विमा आला. लसीचा खर्च आपला. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान 10 दिवस आधी घ्या. दाखला नसेल तर केनियाहून परतल्यावर आपल्याच विमानतळावर विलगीकरणात ठेवतात. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे, तिथे मलेरिया फार. गोळ्या आम्ही निघण्याआधीपासून घेत होतो. मच्छरदाण्या संस्थेने चांगल्या दिल्या. तिथे सेवा करायला कोणत्या परवान्यावर नेता, हे मात्र संस्थेला लेखी विचारून घ्या.

तयारी उत्तम होती. फेब्रुवारीपासून दर महिन्याला एक शनिवार बैठक. पोलीस पडताळणीचा दाखला आणि पाळकसाहेबांचं पत्र दिल्याशिवाय नाव पक्कं केलं नाही. कुठल्याही मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, हातात खाऊ द्यायचा नाही. मी चार किलो संत्रा बर्फी घेतली होती, म्हणून हा शेवटचा नियम मला खटकला होता. बर्फी तिथल्या वर्ग घेणाऱ्या बाईंकडे दिली. त्यांनी 140 मुलांना मोजून सारखी वाटली. मी वाटली असती तर पुढच्या चौघांना दोन-दोन मिळाली असती.

ऑगस्टमध्ये तिकडे शाळांना सुट्टी असते, तेव्हा तिथली मंडळी मुलांसाठी बायबल वर्ग भरवते. वर्ग त्यांचा, आम्ही मदतनीस. सव्वीस वर्षं शिकवलेल्या मला पहिल्या दिवशी कागद कापायला बसवलं, याचं वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी कळलं. त्या बाई लहानग्यांशी लुओ भाषेत बोलत, मोठ्यांशी स्वाहिलीत, मध्येच इंग्रजीत. कोण उपाशी आलंय, कोणाचे वडील महिनाभरापूर्वी वारले, हे त्यांना ठाऊक होतं. मला कुठून कळणार? स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप साहेब 1845 मध्ये नागपुरात आले, मराठी शिकले, गोंडी शिकले, आणि 1863 मध्ये टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात गेले ते इथेच. अठरा वर्षं. आमचे तेरा दिवस, त्यातले दोन प्रवासात.

तरी मुलांनी आम्हाला जवळ केलं. चहाला तिकडेही चाय म्हणतात, चपातीला चपाती, पैशाला पेसा, गाडीला गारी, साबणाला साबुनी. मी मराठी शब्द म्हणायचा, त्यांनी स्वाहिली म्हणायचा, असा खेळ रोज दहाच्या चहाला रंगायचा. मुली पाच खड्यांनी खेळायच्या, अगदी आपल्या सागरगोट्यांसारखं. त्यात मी बसले आणि सपशेल हरले. किसुमूपर्यंतची रेल्वे 1901 मध्ये पोहोचली, ती बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर गेले होते. एका मुलाने मला विचारलं, तुझे आजोबा होते का त्यात?

आता तक्रार. बाराव्या दिवशी, कार्यक्रमपत्रिकेत नसताना, आम्हाला एका बालगृहात नेलं. रांगेत उभं राहून मुलांनी गाणी म्हटली. पाच-सहा वर्षांची एक मुलगी दहा मिनिटांत माझ्या पदराला बिलगली आणि मामा म्हणाली. तिकडे मामा म्हणजे आई. दीड तासाने गाडीचा भोंगा वाजला. तिची बोटं मी एकेक करून सोडवली. स्वयंपाकघरातल्या बाई म्हणाल्या, हिची आई दोन डोंगरांपलीकडे आहे, शाळेची फी परवडत नाही म्हणून इथे ठेवलंय.

जगभरातल्या अशा बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आता मुलांना कुटुंबात परत नेण्याचं धोरण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही 2019 च्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याकडे लक्ष वेधलं आहे. वर्गासाठी इतके कडक नियम करणाऱ्या संस्थेला हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

माझी पणजी छप्पन्नच्या (विक्रम संवत 1956 च्या) दुष्काळात, 1900 च्या सुमारास, मिशनच्या आश्रमात आली. चार वर्षांची होती. मिशनने तिला जगवलं, शिकवलं, आणि ते ऋण आमच्या घरात रोजच्या प्रार्थनेत असतं. पण तिला आपल्या गावाचं नाव मरेपर्यंत आठवलं नाही. भाऊ होता, एवढंच आठवायचं. तेव्हा दुष्काळ होता, इलाज नव्हता. त्या मुलीची आई तर दोन डोंगरांपलीकडे आहे. एका वर्षाच्या फीचा प्रश्न आहे.

तयारी आणि वर्ग यांना मी पाचपैकी पाच देईन. बालगृहाच्या भेटीला शून्य. संडे स्कूलचा अनुभव असेल आणि दुसऱ्याच्या हाताखाली काम करायची तयारी असेल तर जरूर जा, पण पैसे भरण्याआधी बालगृहाची भेट आहे का, हे विचारा. मी संस्थेला दोन पानी पत्र लिहिलं: ती भेट बंद करा, त्या दिवसाचा खर्च तिथल्या मंडळीमार्फत मुलांच्या फीला द्या. फोन आला, समितीपुढे ठेवतो म्हणाले. यंदाचा अर्ज भरून माझ्या बायबलमध्ये ठेवलाय. त्यांचं उत्तर आल्यावर पाठवीन.