कुरिअर एजंटने माझं खोकंच बदललं

पार्सल फुटलं की विमानतळावर कुणीतरी आपटलं असणार, असं आपण धरून चालतो. माझी मूर्ती विमानात चढण्याआधीच फुटायच्या तयारीत होती. ती तयारी करणाऱ्याला भाडं आणि इन्शुरन्सचे पैसे मीच मोजले होते. घरून परदेशात माल पाठवणाऱ्या सगळ्यांनी, विशेषतः बायकांनी, हे वाचा. एजंट आपल्याला 'मॅडम मॅडम' करून गुंडाळायला बघतात.

मी पनवेलला राहते. हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून शाडूच्या मूर्ती घेते आणि एका परदेशी ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकते. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेतलं, मराठी. शाडू जड आणि ठिसूळ, त्यामुळे पॅकिंगमध्ये मी काटकसर करत नाही. मूर्तीला मलमलचं कापड, हात आणि सोंडेभोवती कापूस, मग मापात कापलेला फोम, मग आतलं खोकं. त्याच्या सगळ्या बाजूंनी चार बोटं फोम आणि वरून सात प्लायचं, म्हणजे सात थरांच्या पुठ्ठ्याचं, मोठं खोकं. अशा पॅकिंगमधून मूर्ती धड पोचतात, हा माझा आधीच्या मोसमांचा अनुभव.

२०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. त्या वर्षी ओळखीतून नवी मुंबईतला एक एजंट मिळाला. दारावर मोठ्या कुरिअर कंपनीचा बोर्ड, आत वजनकाटा, टेपची रिळं आणि रिकाम्या खोक्यांची चळत. एजंटकडे जाण्यात गैर काही नाही, कंपनीचे घाऊक दर त्यांना मिळतात आणि आपल्यालाही थोडं स्वस्त पडतं. इन्शुरन्सचं मी स्वतःहून विचारलं. "आहे ना मॅडम, किमतीच्या तीन टक्के. फुटलं तर फुल पेमेंट." पावतीवर तशी ओळही आली: इन्शुरन्स ४८० रुपये. भाडं १० किलोचं, ७,५०० रुपये.

मूर्ती नऊ इंची, पॅकिंगसकट चार किलोच्या आतबाहेर. मग १० किलो कुठले? हवाई कुरिअरमध्ये खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागतात. ते व्हॉल्युमेट्रिक वजन. खरं वजन आणि हे, यांत जे जास्त त्याचं भाडं. माझं खोकं ३५ बाय ३५ बाय ४०. हिशेब ९.८ किलो, म्हणजे १०. हे मला माहीत होतं आणि मान्यही होतं, कारण मूर्ती त्या मोकळ्या जागेमुळेच वाचते. पुढचा सगळा खेळ याच आकड्यावर झाला.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून मूर्ती घेणाऱ्या काकूंचा मेसेज आला. "ताई, बाप्पाचा उजवा हात मनगटातून गेलाय. मुकुटाचं टोकही उडालंय. आता आठवड्यावर गणपती, काय करायचं?" सोबत मूर्तीचे फोटो. मार्केटप्लेसच्या नियमात वाहतुकीत मोडलेला माल म्हणजे 'वर्णनाप्रमाणे नसलेला' माल, जबाबदारी विक्रेत्याची. भाड्यासकट १९० डॉलर माझ्या पुढच्या पेआउटमधून वळते झाले. काकूंचा दोष नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही पैसे परत मागितलेच असते.

एजंटला फोन केला. "फोटो पाठवा मॅडम, पंधरा दिवसांत होऊन जाईल." नंतर "प्रोसेसमध्ये आहे". नंतर "माती, काच, सिरॅमिक कव्हरमध्ये येत नाही". पॉलिसी नंबर मागितला तर म्हणे, "ते आमचं अंतर्गत असतं."

तोवर काकूंनी मूर्ती बादलीत विसर्जित केली होती. भंगलेली मूर्ती घरात कोण ठेवणार? शाडू तो, विरघळून गेला. कुरिअर कंपनी मात्र तपासणीसाठी फुटलेली वस्तू आणि पॅकिंग दोन्ही ठेवायला सांगते. नशीब एवढंच, की खोकं अजून त्यांच्या गॅरेजमध्ये होतं. मी म्हटलं, काकू, त्याचे चारी बाजूंनी फोटो काढा, लेबलचा जवळून.

फोटो उघडला आणि मी बघतच राहिले. खोकं माझं नव्हतंच. तीन प्लायचं, लहानसं, त्यावर भलत्याच कंपनीची छापील टेप. माझ्या मलमलमध्ये गुंडाळलेली मूर्ती त्यात कोंबलेली, कडेला वर्तमानपत्राचे बोळे. काकूंनी मापं पाठवली: २५ बाय २५ बाय ३२. करा हिशेब, बरोबर ४ किलो. लेबलवर वजन ४ किलो. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव नाही, एजंटच्या फर्मचं. मालाचं वर्णन 'गिफ्ट'. किंमत १५ डॉलर.

आता सगळं जुळलं. माझ्याकडून १० किलोचं भाडं घ्यायचं, मागच्या खोलीत खोकं फोडून माल लहान खोक्यात घालायचा, कंपनीला ४ किलोचं भरायचं आणि मधला फरक खिशात. मूर्ती फुटली ती त्या फरकापायी.

किंमत १५ डॉलर का लिहिली विचारल्यावर तो म्हणाला, "तुमच्या कस्टमरची ड्यूटी वाचावी म्हणून." साफ खोटं. तेव्हा अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आयात शुल्क नव्हतंच, मग वाचवायचं काय? गिफ्ट म्हणून पाठवलं की आपल्याकडच्या कस्टम्सची व्यापारी निर्यातीची कागदपत्रं टळतात, सोय त्याची. व्यापारी माल कुरिअरने पाठवताना सीएसबी-५ हा कस्टम्सचा फॉर्म भरावा लागतो, त्याला स्वतःचा आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) नंबर आणि जीएसटी लागतो. माझ्याकडे दोन्ही होतं, मी दिलंही होतं. त्याने वापरलं नाही. वर माझे सीए म्हणाले, पैसे तुमच्या खात्यात डॉलरमध्ये आले पण निर्यात कागदोपत्री दुसऱ्याच्या नावाने, तीही गिफ्ट. ते निस्तरण्यात गेलेला वेळ वेगळाच.

कायद्याचंही बघून घेतलं. आंतरराष्ट्रीय हवाई मालवाहतुकीला माँट्रियल करार लागू होतो, भारत आणि अमेरिका दोन्ही त्यात आहेत. माल खराब झाला तर मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते, आणि ती घेणाऱ्याने द्यायची असते. भरपाईची मर्यादा वजनावर. तेव्हा किलोमागे २२ एसडीआर होती, २८ डिसेंबर २०२४ पासून २६ झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं पैशाचं एकक, डॉलरपेक्षा थोडं महाग. चार किलोचे शंभरावर डॉलर होत होते. काकूंनी बिचाऱ्यांनी मुदतीत ईमेल केला. कंपनीचं उत्तर: क्लेम शिपरने, म्हणजे लेबलवरच्या पाठवणाऱ्याने करावा, आणि मालाची किंमत शिपरने स्वतःच १५ डॉलर लिहिली आहे. शिपर म्हणजे आमचा एजंट. तो कशाला करतोय?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून हात झटकतील असं वाटलं होतं, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात ग्राहक मानतात. हेल्पलाइन न्यायालय नाही, ती फक्त मध्यस्थी करते. एजंटने ४८० रुपये परत केले, 'गुडविल' म्हणून. म्हणजे ते कुठल्या विमा कंपनीकडे गेलेच नव्हते. बाकी पैसे आजतागायत नाहीत.

आता मी असं करते. खोकं बंद करताना व्हिडिओ, त्यात मापपट्टी आणि वजनकाटा दिसले पाहिजेत. खोक्याच्या सगळ्या सांध्यांवर आडवी सही. इन्शुरन्स घेतला तर विमा कंपनीच्या नावाचं सर्टिफिकेट हातात, त्यात शाडू वगळलेला नाही ना ते वाचून. आत मराठीत चिठ्ठी: 'मूर्तीला काही झालं असेल तर आधी खोक्याचे आणि लेबलचे फोटो, मग विसर्जन.' लहान वस्तू पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रातून जातात. टपालाला माँट्रियलची भरपाई लागू नाही, पण पाठवणारी म्हणून नाव माझं असतं.

२९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेची ती ८०० डॉलरची सवलत बंद झाली. त्यामुळे "किंमत कमी दाखवतो, ड्यूटी वाचवतो" हे आता दुकानादुकानात ऐकू येतं, आणि पटण्यासारखंही वाटतं. बुकिंगआधी एकच विचारा, एअरवे बिलावर (पार्सलसोबत जाणाऱ्या वाहतुकीच्या कागदावर) शिपर म्हणून नाव कुणाचं? "आमच्याच नावाने जातं मॅडम, टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं, की खोकं उचला आणि बाहेर पडा.