सामाजिक कथेवर हात बसला, आता कुठे वळायचं? रहस्य, भय, विनोद आणि विज्ञानकथा

सामाजिक-कौटुंबिक कथा पाच-सात वर्षं लिहिल्यावर बऱ्याच जणांचं एक होतं: कथा सुरू होण्याआधीच तिचा शेवट हाताला ठाऊक असतो. निवृत्त वडील, परदेशातला मुलगा, विकायला काढलेलं गावचं घर आणि शेवटच्या परिच्छेदात कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी. भाषा सफाईदार असते, संपादक कथा घेतातही, पण लिहिण्यातली गोडी गेलेली असते. मग प्रकार बदलून बघ, असं जो तो सांगतो. कुठल्या प्रकाराकडे वळायचं, हा खरा प्रश्न आहे.

आधी कंटाळा कशाचा आलाय ते पाहा. जुलैअखेर पाच दिवाळी अंकांना पाच कथा द्यायच्या म्हणून दमछाक होत असेल, तर रहस्यकथा लिहितानाही ती होणारच. तिथे कथा कमी करणं हाच उपाय. तोच निवेदक, त्याच आठवणी, तोच हळवा शेवट, असं दुखणं असेल तरच प्रकार बदलण्याचा उपयोग. आपल्या शेवटच्या पाच कथा काढा आणि फक्त त्यांचे शेवटचे परिच्छेद सलग वाचा. त्यांतले तीन एकमेकांच्या जागी खपून गेले, तर बदलाची वेळ आली आहे.

तुलनेसाठी एकच प्रसंग घेऊ. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींच्या दाराला दुधाच्या पिशव्या तशाच लटकताहेत, दोन दिवसांच्या. सामाजिक कथेत मजल्यावरची बाकीची तीन घरं त्या पिशव्या बघतात आणि आपापलं दार ओढून घेतात. कथा त्या तीन घरांची होते. हे तुम्हाला जमतंच.

रहस्यकथा

दाराशी दुधाच्या पिशव्या दोन आहेत, पण पेपर एकच. म्हणजे काल कुणीतरी पेपर उचलला आणि दूध तसंच ठेवलं. कथा इथून सुरू होते, पण लिहायची मात्र शेवटाकडून. पेपर कोणी, किती वाजता आणि का उचलला, हे आधी एका कागदावर वेळेसकट मांडा. मग त्यातलं वाचकाला काय, कधी दिसणार याचा वेगळा क्रम लावा. तीन हजार शब्दांच्या कथेला तीन खरे दुवे आणि एक-दोन फसवे पुरतात. संशयित चारपेक्षा जास्त झाले की वाचक नावांतच अडकतो.

दुवा लपवण्याची जुनी आणि अजूनही चालणारी जागा म्हणजे यादीचा मध्य: ‘दाराशी जुन्या चपला, दुधाच्या दोन पिशव्या, एक पेपर आणि पार वाळून गेलेली तुळस.’ वाचक तुळशीपाशी थांबतो. दुवा त्याने पाहिलेला असतो, पण मोजलेला नसतो. शेवटी उलगडा झाल्यावर तो मागे वळून ही ओळ शोधतो, तेव्हा ती तिथे असलीच पाहिजे.

सामाजिक कथाकाराची फसगत दोन ठिकाणी होते. एक, निवेदकाला माहीत असलेली गोष्ट तो वाचकापासून दडवतो, आणि ही लबाडी वाचक माफ करत नाही. दोन, सवयीने तो आठवणींचे परिच्छेद घालतो. रहस्यकथेत प्रत्येक तपशील वाचकाला दुवा वाटतो, त्यामुळे बालपणीचं पेरूचं झाड उगाच संशयित होतं. हा प्रकार सर्वांत जास्त शिस्त लावतो. कुठलं वाक्य नुसतं शोभेचं आहे, ते इथे लगेच उघडं पडतं.

भयकथा

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशव्या दाराला नाहीत. कुलूप बाहेरून तसंच, त्यावरची धूळही तशीच. संध्याकाळी मागच्या गॅलरीत दोन रिकाम्या पिशव्या दिसतात: कोपरा बारीक कापलेला, धुऊन, दोरीला चिमट्याने लावलेल्या. आजी लावत असत तशाच.

सामाजिक कथेतून येणाऱ्याला ही वाट सर्वांत जवळची. तेच घर, तीच निरीक्षणं, फक्त काय सांगायचं नाही हे नव्याने शिकायचं. दीड ते अडीच हजार शब्द पुरेत, कारण त्यापुढे ताण टिकवणं अवघड जातं. त्या घरात जे काही आहे ते काय करू शकतं आणि काय नाही, हे स्वतःपुरतं लिहून ठेवा, कथेत सांगू नका. ते ठरलेलं नसलं की शेवटी काहीही घडतं आणि भीती विरते. दुसरी चूक विशेषणांची. ‘भयाण’, ‘भेसूर’, ‘गूढ’ हे शब्द पहिल्या खर्ड्यातून काढून टाका. धुतलेली पिशवी त्यांच्याविना जास्त घाबरवते.

विनोदी कथा

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज येतो: सामाईक जागेत वस्तू टांगू नयेत. मग पिशवी दाराला आहे की जागेत, यावर वाद, मग त्रिसदस्यीय समिती, मग समितीच्या चहाला तेच दूध वापरावं का, यावर मतदान. दर पायरीला माणसं तितक्याच गंभीरपणे आणखी मूर्खपणा करतात. आजी गावाला गेल्यात आणि दूधवाल्याला सांगायला विसरल्यात, इतकाच तळ ठेवा. आत खरंच काही वाईट झालेलं असेल, तर हसू टिकत नाही.

चारांत हा प्रकार सर्वांत अवघड, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण इथे वाक्याचीच परीक्षा असते. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि हसवणारा शब्द ‘असं ते म्हणाले’ या शेपटीखाली दबतो. म्हणून ‘सेक्रेटरी म्हणाले’ पुढे घ्या आणि नेमका शब्द वाक्याच्या टोकाला ठेवा. बाराशे ते अठराशे शब्दांच्या पुढे जाऊ नका. आणि पात्रांवर हसू नका. सेक्रेटरींना आपलं म्हणणं मनापासून पटलेलं असलं तरच वाचक हसतो.

विज्ञानकथा

इमारतीतली यंत्रणा प्रत्येक घरातल्या पाण्याच्या वापरावरून माणूस ठीक आहे की नाही ते ठरवते. आजींचा नळ गळतोय, म्हणून दोन दिवस पडद्यावर ‘सर्व ठीक’. पिशव्या बघूनही शेजारी पडद्यावर विश्वास ठेवतात. एवढं एकच गृहीतक बदला आणि त्याचे परिणाम घरात, सोसायटीत, कायद्यात कुठवर जातात ते तपासा. दुसरं गृहीतक आलं की कथा सैल होते. नेहमीची चूक म्हणजे दोन तज्ज्ञ एकमेकांना दोघांनाही माहीत असलेली गोष्ट समजावून सांगतात. त्यापेक्षा यंत्रणा बिघडलेली दाखवा. ती कशी चालते ते वाचकाला आपोआप कळतं. वाचनाची तयारी मात्र इथे जास्त लागते, दोन-तीन आठवडे सहज.

एकामागून एक, की बरोबरीने?

दोन प्रकार एकाच आठवड्यात लिहिले की पहिल्याचा आवाज दुसऱ्यात शिरतो, विशेषतः विनोदाचा. नवख्याने सहा ते आठ आठवडे एकाच नव्या प्रकाराला द्यावेत. दिवाळीनंतर मार्चपर्यंतचा काळ त्यासाठी चांगला, कारण बहुतेक अंकांची मागणी त्यानंतर सुरू होते. पहिले दोन आठवडे त्या प्रकारातल्या दहा कथा वाचा आणि त्यांतल्या एकीचा सांगाडा काढा: प्रत्येक परिच्छेद काय काम करतो, ते एकेका ओळीत. मग बाराशे शब्दांच्या दोन कथा. पहिली कुठेही पाठवू नका. तिच्यात जुनी सवयच जास्त असते.

पहिल्याच कथेत दोन प्रकारांचं मिश्रण टाळा. विनोदी भयकथेत हसू आणि भीती एकमेकांना मारतात. दोन्ही वेगवेगळे जमल्यावर तो प्रयोग करावा.

बरोबरीनेच लिहायचं असेल, तर वेगळं नाव घेण्याची सोय आहे. जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकातलं विनोदी सदर ‘ठणठणपाळ’ या नावाने चालवलं आणि गंभीर कादंबऱ्या स्वतःच्या नावाने लिहिल्या. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने विज्ञानकथा पाठवली आणि ती पहिली आली. जयंत विष्णू नारळीकर, म्हणजे ज.वि.ना. उलटं केलं की ना.वि.ज. होतं. नव्या नावाला जुन्या वाचकांच्या अपेक्षेचं ओझं नसतं, आणि फसलेली कथा जुन्या नावाला चिकटत नाही.

कथानक जमतं पण वाक्य सैल पडतं, असं संपादकांनी कधी म्हटलं असेल, तर विनोदाकडे जा. वाक्य चांगलं आणि कथा मधेच रेंगाळते, तर रहस्याकडे. सगळं सांगून टाकायची खोड असेल, तर भयाकडे. घराच्या चार भिंतींबाहेर कथा जातच नसेल, तर विज्ञानकथा, भले सुरुवातीला जड जाईल. आवडता प्रकार आधी घेण्याचा मोह होतो. पण आवडत्या प्रकारात आपण वाचलेलंच पुन्हा लिहितो, म्हणून तो दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

दोन महिन्यांनी सामाजिक कथेकडे परतलात की त्याच आजींची कथा पुन्हा लिहून पाहा. या वेळी दाराशी पेपर किती आहेत, ते आधी ठरवा.