घरचा बर्बरे मसाला आणि बर्गर: सात महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात कांदा-लसूण मसाल्याची मिरची आणायला सांगलीच्या गणपती पेठेत गेले, तेव्हाच पाव किलोभर मिरची जास्तीची घेतली. इथिओपियाचा बर्बरे घरी करायचा होता, तोही बर्गरसाठी. त्याआधी ऑनलाइन मागवलेलं पाकीट उघडलं, तर नुसता जुन्या तिखटाचा वास. आता डिसेंबर संपत आलाय, बरणीच्या तळाशी चार चमचे उरलाय आणि आमच्याकडे महिन्यातून दोनदा तरी हे बर्गर होतात.

अम्हारिक भाषेत बर्बरे म्हणजे मिरचीसुद्धा, त्यामुळे मिरची चांगलीच हवी. मी रंगाला 200 ग्रॅम बेडगी आणि तिखटाला 50 ग्रॅम संकेश्वरी घेतली. सोबत धणे, मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ, वाळवलेला लसूण, मेथी, ओवा, कलौंजी. खोबरं, तीळ, खसखस, दगडफूल काही नाही. आपल्या मसाल्यापासून तो इथेच वेगळा पडतो. ओवा आणि कलौंजी मात्र टाळू नका, त्यांच्याशिवाय ते नुसतं गरम मसाल्याचं तिखट होतं. कोरारिमा नावाची तिकडची वेलची सांगलीत मला मिळाली नाही. तिच्या जागी हिरवी वेलची आणि एकच मसाला वेलची घातली. मेथी दोन चमचे घातली, ती जास्त झाली. एकच पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा मसाला कच्च्या खिम्यात थेट कालवू नका. पहिले दोन महिने मी तेच करत होते आणि प्रत्येक घासाला मागून कडवट चव यायची. पॅटी तव्यावर दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटंच असते, तेवढ्यात मेथी-मिरची शिजत नाही. तिकडे वॉट नावाचं कालवण करताना कांदा आधी कोरड्या भांड्यात, तेलाचा थेंबही न घालता बराच वेळ परततात. आपला हात फोडणीच्या तेलाकडे जातो, तो आवरायचा. दोन मोठे कांदे अगदी बारीक चिरून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर वीसेक मिनिटं. खाली लागायला लागले की पाण्याचा हबका. मोरंब्यासारखा गोळा होत आला की दोन चमचे मसाल्याचं तूप आणि अर्धा किलो खिम्याला चार चहाचे चमचे बर्बरे. तीन-चार मिनिटांत रंग विटकरी होतो, कडा तूप सोडतात आणि कडवटपणा जाऊन भाजक्या मेथीचा गोडसर वास सुटतो. हे पूर्ण गार करून मगच खिम्यात घालायचं. मटणाचा खिमा चरबीसकट मागा; चिकनचा फार कोरडा होतो.

ते तूप म्हणजे तिकडचं नितेर किब्बे. आपण घरचं लोणी कढवतो तसंच, फक्त त्यात कांदा, लसूण, आलं, मेथी, वेलची आणि हळद घालून मंद आचेवर ठेवायचं आणि गाळायचं. हळद अर्थात आपली सांगलीची, 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली. तिकडे त्यात तुळशीच्या जातीतली एक वनस्पतीही घालतात. सासूबाईंना कांदा-लसणात तुळस पटली नाही, मलाही नाही, वगळली.

चीजच्या स्लाइसऐवजी मी आयिब हे तिकडचं घरगुती चीज करते. ताक अगदी मंद तापवायचं, न ढवळता, चोथा वर आला की फडक्यात बांधायचा. तिखट पॅटीवर तो गार, किंचित आंबट चोथा पडला की मुलं दुसरा बर्गर मागतात. विकतच्या चीजला ती चव नाही.

आमच्याकडे सोमवार-गुरुवार मांसाहार नसतो, तेव्हा मसूर. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवार-शुक्रवार उपवास पाळतात आणि त्या दिवशी दूध-तूपही वर्ज्य, म्हणून त्यांच्याकडे मसुरीचे प्रकार भरपूर. डाळ घट्ट शिजवून, भाजलेलं बेसन घालून पॅटी बांधते. वरून कारळ्याची चटणी. कारळं तिकडेही घरचंच आहे; ते त्याला नूग म्हणतात आणि त्याचं तेल स्वयंपाकाला वापरतात. वनस्पतिशास्त्रातलं कारळ्याचं नावच गुइझोटिया अ‍ॅबिसिनिका. अ‍ॅबिसिनिया हे इथिओपियाचं जुनं नाव. लहानपणापासून भाकरीबरोबर खाल्लेली चटणी तिथवर पोचते, हे कळलं त्या दिवशी मी ती जरा जास्तच वाढली.

टिकण्याबद्दल. जुलैत प्लॅस्टिकच्या डब्यातल्या मसाल्याचे गोळे झाले. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवलेला सुटा राहिला. ऑगस्टमध्ये सासूबाईंनी मायेने त्या डब्यात हिंगाचे दोन खडे टाकले. "हिंगाशिवाय मसाला टिकतोय होय?" कांदा-लसूण मसाल्याला ते बरोबरच आहे, पण बर्बरेत वेलची आणि ओवा पार दबून गेले. तो अर्धा भाग आमटीत संपवला.

चैत्रात पुन्हा करणार आहे, या वेळी अर्धा किलो मिरचीचा. सासूबाई म्हणाल्या, या खेपेला मिक्सर नको, कांडपावरच नेऊ.